डोंगरमाथ्यावरील सूक्ष्मतरंग हौशी रेडिओ

डोंगरमाथ्यावरील सूक्ष्मतरंग हौशी रेडिओ म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी १ गिगाहर्ट्झपेक्षा अधिक वारंवारतेची हलकी उपकरणे एखाद्या उंच जागी वाहून नेऊन, तेथे तात्पुरते केंद्र उभारून, दूरच्या दुसऱ्या केंद्राशी साधलेला दुहेरी बिनतारी संपर्क होय. हौशी रेडिओ 'हॅम रेडिओ' या नावानेही ओळखला जातो. त्याच्या अनेक शाखांपैकी ही एक लहान, पण तांत्रिकदृष्ट्या कसोटी पाहणारी शाखा आहे. हौशी सेवेला जगभर १.२ गिगाहर्ट्झपासून २४० गिगाहर्ट्झच्याही पुढे अनेक पट्टे मिळालेले आहेत. त्यांपैकी १० गिगाहर्ट्झचा, म्हणजे सुमारे ३ सेंटिमीटर तरंगलांबीचा पट्टा फिरत्या केंद्रांसाठी सर्वाधिक लोकप्रिय आहे. प्रस्तुत लेखातील विवेचन मुख्यतः त्याच पट्ट्याला धरून केले आहे.

उंचीचे महत्त्व

लघुतरंग आयनांबरावरून परावर्तित होऊन पृथ्वीला वळसा घालू शकतात. सूक्ष्मतरंगांना ती सोय नाही. ते आयनांबर भेदून निघून जातात आणि जमिनीलगत जवळजवळ प्रकाशाप्रमाणे सरळ प्रवास करतात. त्यामुळे घराच्या गच्चीवरून होणारा संपर्क बहुधा पुढच्या इमारतीपाशीच संपतो. उपाय एकच, तो म्हणजे उंच चढणे.

हवेची घनता उंचीबरोबर कमी होत जाते, त्यामुळे रेडिओतरंग किंचित खाली वाकतात आणि रेडिओचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजाच्या थोडे पलीकडे असते. सर्वसाधारण हवेत हे अंतर किलोमीटरमध्ये काढण्यासाठी उंचीच्या (मीटर) वर्गमुळाला ४.१२ ने गुणतात. १० मीटर उंचीच्या गच्चीसाठी ते अवघे १३ किलोमीटर येते. इंग्लंडच्या सरे परगण्यातील लीथ हिल ही टेकडी २९४ मीटर उंच आहे. तेथून ते सुमारे ७० किलोमीटर भरते. महाराष्ट्रातील कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरावरून ते १६७ किलोमीटर होते. दोन्ही केंद्रे उंचावर असतील तर दोघांच्या क्षितिजांची बेरीज करावयाची असते.

दोन केंद्रांमध्ये मोकळी दृष्टिरेषा असेल तर किती अल्प शक्ती पुरते, हे आकड्यांवरूनच पटते. १० गिगाहर्ट्झवर १०० किलोमीटरच्या मोकळ्या अंतरात संदेशाची सुमारे १५३ डेसिबेल घट होते. हा आकडा भयंकर वाटतो. तथापि ६० सेंटिमीटर व्यासाची डिश सर्व दिशांना सारखे प्रक्षेपण करणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत सुमारे ३४ डेसिबेल, म्हणजे दोन हजारांहून अधिक पट लाभ देते, आणि अशी डिश दोन्ही टोकांना असते. १ वॉट शक्तीने पाठविलेला आवाज मग चांगल्या ग्राहकाच्या अंगभूत गोंगाटाच्या सुमारे ८० डेसिबेल वर ऐकू यावयास हवा. शक्ती हजारपटीने कमी करून १ मिलिवॉटवर आणली, तरी ५० डेसिबेलांची शिल्लक उरते. मोकळ्या दृष्टिरेषेवर शक्तीचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही. वाटेत एखादा डोंगर आडवा आला, की मात्र प्रत्येक डेसिबेलसाठी झगडावे लागते. या छंदातील सारी तयारी या दुसऱ्या प्रसंगासाठी असते.

दृष्टिरेषा 'मोकळी' असणे याचाही नेमका अर्थ आहे. तरंगांना केवळ एक रेघ पुरत नाही. त्या रेघेभोवती फ्रेनेलचा प्रदेश या नावाने ओळखली जाणारी लांबट, मध्ये फुगीर जागा लागते. १०० किलोमीटरच्या मार्गाच्या मध्यावर १४४ मेगाहर्ट्झला या जागेची त्रिज्या सुमारे २२८ मीटर असते, तर १० गिगाहर्ट्झला फक्त २७ मीटर. सूक्ष्मतरंग त्यामुळे दोन शिखरांमधल्या अरुंद खिंडीतूनही निभावून जातात.

इतिहास

या छंदाची मुळे रेडिओच्या जन्मापर्यंत जातात. हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या अखेरीस अन्वस्ताकार धातूचे आरसे वापरून विद्युत्‌चुंबकीय तरंग एका दिशेला वळविले होते. पुढच्या दशकात जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात ५ मिलिमीटर इतक्या लहान तरंगलांबीचे प्रयोग केले. त्यांच्या उपकरणांतील निमुळत्या कर्ण्याचाच वंशज आजच्या डिशच्या नाभीपाशी बसविलेला असतो. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी ही उपकरणे दाखविली. पुढे बिनतारी संदेशवहनाने लांब तरंगांची वाट धरली आणि सूक्ष्मतरंग काही दशके प्रयोगशाळेतच राहिले.

दुसऱ्या महायुद्धातील रडारमुळे ते बाहेर आले. युद्धानंतर रडारचे क्लायस्ट्रॉन आणि वेव्हगाइड नावाच्या पोकळ आयताकृती धातुनळ्या भंगाराच्या भावाने बाजारात आल्या आणि हौशी लोकांनी त्या उचलल्या. १९४६ साली अमेरिकेत दोन हौशी केंद्रांमध्ये १० गिगाहर्ट्झवर संपर्क झाला; अंतर होते दोन मैल, म्हणजे जेमतेम सव्वातीन किलोमीटर. क्लायस्ट्रॉनला काहीशे व्होल्ट दाब लागत असल्याने उपकरणे डोंगरावर नेणे मोठे कष्टाचे काम होते.

हे चित्र गन डायोडने बदलले. जे. बी. गन यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी आयबीएम कंपनीत काम करताना गॅलियम आर्सेनाइडच्या तुकड्यात सूक्ष्मतरंगांची आंदोलने निर्माण होतात असे दाखवून दिले. पुढील दशकात या डायोडचे तयार घटक चोरघंटा, आपोआप उघडणारी दारे आणि वाहनांचे वेगमापक यांत वापरले जाऊ लागले, आणि तेच हौशी लोकांच्या हाती आले. दहा-वीस मिलिवॉट शक्ती, थोडक्या व्होल्टांवर चालणारे काम आणि मुठीत मावणारा आकार असे त्यांचे रूप होते. यातील एक युक्ती लक्षणीय आहे. दोन्ही केंद्रे आपापली आंदोलने ३० मेगाहर्ट्झच्या अंतराने ठेवीत आणि प्रत्येकाचा प्रक्षेपकच त्याच्या ग्राहकाचा स्थानिक आंदोलक होई. दोघांना त्यामुळे दूरध्वनीप्रमाणे एकाच वेळी बोलता आणि ऐकता येत असे. या पद्धतीची मर्यादा होती ती पट्टारुंदीची. गन डायोडची वारंवारता तापमानाबरोबर भटकत असल्याने ग्राहकाचे कान रुंद ठेवावे लागत, आणि रुंद कानात गोंगाटही अधिक शिरतो.

१९८० च्या दशकापासून उपग्रह दूरचित्रवाणीमुळे अल्प गोंगाटाचे ट्रान्झिस्टर स्वस्त झाले आणि अरुंद पट्ट्याची पद्धत रुळली. सुमारे २०० किलोहर्ट्झऐवजी अडीच किलोहर्ट्झ पट्टारुंदी वापरल्याने गोंगाट ऐंशी पटीने घटतो. एरवी दृष्टिरेषेपुरता मर्यादित असणारा पट्टा डोंगराआड पोहोचू लागला, तो प्रामुख्याने या बदलामुळे.

उपकरणे

आजच्या फिरत्या केंद्राचा गाभा म्हणजे ट्रान्सव्हर्टर. हातातला नेहमीचा १४४ किंवा ४३२ मेगाहर्ट्झचा संच त्याला जोडतात. पाठविताना तो वारंवारता १० गिगाहर्ट्झपर्यंत चढवितो आणि ऐकताना खाली उतरवितो. बहुतेक संपर्क १०,३६८ मेगाहर्ट्झच्या आसपास होतात. हा आकडा मनमानी नाही. तो १४४ ची ७२ पट आहे, तसेच १,२९६ ची ८ पट. त्यामुळे खालच्या पट्ट्यातील साध्या आंदोलकाचा गुणज वर ऐकू येतो आणि ग्राहक जिवंत आहे की नाही, हे घरच्या घरी तपासता येते.

डिश ४५ ते ९० सेंटिमीटर व्यासाची असते. मोठी डिश लाभ अधिक देते, परंतु तिची शलाका अरुंद होते आणि वाऱ्यात ती शिडासारखी वागते. ट्रान्सव्हर्टर डिशच्या पाठीशीच बसवितात, कारण या वारंवारतेवर केबलच्या एका मीटरमध्येही शक्तीचा मोठा वाटा उष्णतेत जातो. घरोघरी दिसणारी दूरचित्रवाणीची डिश वापरावयाची असल्यास एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. तिची नाभी मध्यावर नसून खाली असते, त्यामुळे ती जिकडे पाहते आहे असे वाटते तिकडे तिची शलाका नसते. क्षितिजाकडे रोखण्यासाठी तिला चक्क जमिनीकडे पाहत असल्यासारखी झुकवावी लागते. नवख्यांची पहिली सकाळ बहुधा याच कोड्यात जाते.

उरलेल्या सामानात भक्कम तिपाई, पाणसळ, होकायंत्र, १२ व्होल्टची बॅटरी आणि कानाला लावायचा श्रवणक येतो. अँटेनाला मराठीत 'आकाशक' असा शब्द आहे. विज्ञानलेखनात तो आढळतो, पण हौशी मंडळींच्या बोलण्यात रुजलेला दिसत नाही.

दिशा आणि वारंवारता

दूरचे केंद्र ऐकू न येण्याची दोन कारणे सर्वाधिक आढळतात: डिश चुकीच्या दिशेला असणे आणि ग्राहक चुकीच्या वारंवारतेवर असणे. दोन्ही एकाच वेळी चुकली असतील तर शोध अंधारातला होतो. त्यामुळे दोहोंपैकी निदान एक गोष्ट आधी निश्चित करावी, हा या कामातील मुख्य नियम होय.

६० सेंटिमीटरच्या डिशची शलाका सुमारे साडेतीन अंश रुंद असते. हात लांब करून धरलेली दोन बोटे साधारण एवढीच जागा व्यापतात. दिगंश नकाशावरून किंवा दोन्ही ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून काढता येतो. अडचण येते ती तो जमिनीवर उतरविताना. होकायंत्राची सुई भौगोलिक उत्तर दाखवीत नाही. महाराष्ट्रात हा चुंबकीय दिक्पात एका अंशाच्या आत असल्याने दुर्लक्ष करता येते, पण दक्षिण कॅलिफोर्नियात तो अकरा-बारा अंश आहे. तेथे दुर्लक्ष केल्यास शलाका तीन डिशच्या रुंदीने नव्हे, तर आपल्याच तीन रुंदींनी चुकते. शेजारी उभी असलेली मोटारगाडी, तिपाईचे लोखंड आणि बेसॉल्टमधील चुंबकी खनिजेही सुईला भुलवितात. अनुभवी चालक म्हणून सूर्याचा आधार घेतात. ठिकाण आणि वेळ माहीत असली, की सूर्याचा दिगंश गणिताने मिळतो. डिशच्या नाभीची सावली मध्यावर पाडून तिपाईवरील अंशपट्टी त्या आकड्याशी जुळविली, की दिवसभराचे काम झाले. सूर्य स्वतःही सूक्ष्मतरंग सोडतो. डिश त्याच्याकडे वळविताच ग्राहकातील गोंगाट वाढला, तर ग्राहक ठीक चालला असल्याचीही खात्री पटते. ओळखीचे मनोरे, दूरची शिखरे आणि अखंड चालणारी हौशी दीपकेंद्रे हे आणखी आधार.

वारंवारतेचा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. स्फटिक आंदोलकात दहा लाखांत एक भाग इतकी चूक किरकोळ मानली जाते. १० गिगाहर्ट्झवर तीच चूक १० किलोहर्ट्झ होते, म्हणजे आवाजाच्या पट्टारुंदीच्या चौपट. ढगाआडून ऊन आले किंवा गार वारा सुटला, तरी संदेश कानाच्या कक्षेबाहेर सरकतो. पूर्वी एक जण ठिपके पाठवीत राही आणि दुसरा डिश फिरवीत आणि वारंवारतेची चकती घुमवीत तासन् तास शोधत बसे. आता उष्णता स्थिर ठेवलेल्या कोठडीतील स्फटिक, रुबिडियमचे आंदोलक किंवा जीपीएस उपग्रहांच्या घड्याळांना बांधलेला १० मेगाहर्ट्झचा मानक आंदोलक वापरतात. अब्जांत एक भाग इतकी अचूकता मिळाली, की चूक १० हर्ट्झवर येते. या सुधारणेने शोधातील अर्धा भाग नाहीसाच झाला आहे.

संपर्काची पद्धत

दोन्ही बाजूंना अरुंद शलाका असल्याने येथे योगायोगाने गाठ पडणे दुर्मीळ असते. आधी भेट ठरवावी लागते. १४४ मेगाहर्ट्झवर, भ्रमणध्वनीवर किंवा इंटरनेटवरील गप्पाकक्षात परस्परांची जागा, दिगंश आणि वेळ ठरते. जागा सांगण्यासाठी मेडनहेड पद्धत वापरतात. इंग्लंडमधील मेडनहेड या गावी १९८० साली झालेल्या बैठकीत ती ठरली. तीत पृथ्वीचे दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश अशा चौकोनांत विभाजन केले आहे. पुणे शहर 'एमके६८' या चौकोनात येते.

मग एक केंद्र अखंड सूर किंवा मोर्सचे ठिपके पाठविते आणि दुसरे शोधते. सूर सापडला, की डिश दोन्ही बाजूंना हलवून सर्वांत मोठा आवाज कोठे येतो ते पाहतात, नंतर भूमिका बदलतात. दोघांनी एकमेकांचे संबोधनचिन्ह आणि आवाजाचा दर्जा ऐकून पोच दिली, म्हणजे संपर्क पुरा झाला असे मानतात. ही माहिती आपसांत दुसऱ्या मार्गाने कळवून चालत नाही. ती १० गिगाहर्ट्झवरूनच पोहोचली पाहिजे, असा संकेत आहे आणि तो काटेकोरपणे पाळला जातो. आवाज क्षीण असल्यास बोलण्याऐवजी मोर्स किंवा संगणकावरील क्षीण-संदेश पद्धती वापरतात.

क्षितिजापलीकडे

डोंगराच्या धारदार कड्यावरून तरंग किंचित खाली वळतात. याला विवर्तन म्हणतात. विमानांच्या अंगावरून, तसेच हवेतील सूक्ष्म अस्थिरतेतूनही थोडी शक्ती विखुरते. यांपेक्षा विलक्षण म्हणजे पावसावरून होणारे प्रकीर्णन. दोन्ही केंद्रे आपल्या डिश एकमेकांकडे न रोखता दूरच्या गडगडाटी ढगाकडे रोखतात आणि ढगातील थेंब व गारा तरंग विखरून देतात. थेंब हलत असल्याने मोर्सचा शुद्ध सूर फाटतो आणि फुत्कारासारखा ऐकू येतो. बोललेले शब्द अशा वेळी कळत नाहीत, पण ठिपके आणि रेघा कळतात. २४ गिगाहर्ट्झला मात्र हवेतील बाष्प शक्ती शोषून घेते, त्यामुळे तेथे कोरडी थंड हवा अधिक मानवते.

समुद्रावर आणखी एक मार्ग उघडतो. उष्ण कोरडी हवा गार दमट हवेवर पसरली, की तापमानाच्या विपरीततेमुळे एक अदृश्य नळी तयार होते आणि तरंग तीत कोंडून क्षितिजापलीकडे वाहत जातात. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वताच्या उतारावर सुमारे २,५०० मीटर उंचीवरून एका हौशी केंद्राने कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याशी ५.७ गिगाहर्ट्झवरही संपर्क साधले. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर. त्या उंचीचे रेडिओ क्षितिज जेमतेम २०० किलोमीटर आहे. येथे उंचीचा उपयोग दूर पाहण्यासाठी नव्हता. नळीच्या तोंडाशी पोहोचण्यासाठी होता. अशा वेळी सर्वांत उंच माथा सर्वांत चांगला ठरेलच असे नाही.

अरबी समुद्रावर अशा नळ्या बनतात, याचा पुरावा हौशी क्षेत्राबाहेरचा आहे. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतील सुमारे २०० मेगाहर्ट्झच्या रडारवर उन्हाळ्यात अरबस्तानच्या भूमीचे प्रतिध्वनी दीड हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावरून उमटत असत.

स्पर्धा

अमेरिकन रेडिओ रिले लीग दरवर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये '१० गिगाहर्ट्झ आणि त्यावरील' अशी स्पर्धा घेते. प्रत्येक संपर्काला अंतराइतके गुण मिळतात, आणि नव्या संबोधनचिन्हासाठी १०० गुण वेगळे. किमान १६ किलोमीटर जागा बदलल्यास त्याच केंद्राशी पुन्हा संपर्क करता येतो. साहजिकच स्पर्धक दिवसभर एका डोंगरावरून दुसऱ्यावर जात राहतात. ब्रिटनमध्येही उन्हाळ्यात सूक्ष्मतरंगांच्या स्पर्धा होतात.

पट्ट्यांवरील दबाव

या छंदापुढील खरी अडचण डोंगरांची नसून वारंवारतांची आहे. बहुतेक सूक्ष्मतरंग पट्ट्यांत हौशी सेवा दुय्यम आहे. मुख्य सेवेला अडथळा करावयाचा नाही आणि तिचा अडथळा झाल्यास तक्रार करावयाची नाही, असा याचा अर्थ. भ्रमणध्वनीच्या पाचव्या पिढीला ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासची जागा हवी झाली, तेव्हा अमेरिकेत ३,४५० ते ३,५०० मेगाहर्ट्झवरील हौशी प्रक्षेपण एप्रिल २०२२ मध्ये थांबले. १,२४० ते १,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दिशादर्शक उपग्रहांच्या ग्राहकांना त्रास होऊ नये म्हणून २०२३ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने हौशी केंद्रांसाठी शिफारशी संमत केल्या. त्याच वर्षीच्या जागतिक रेडिओ परिषदेत १० ते १०.५ गिगाहर्ट्झचा भाग अमेरिका खंडांतील काही देशांत भ्रमणध्वनीसाठी निर्देशित झाला. जो पट्टा वापरात दिसत नाही, त्याची बाजू मांडणे अवघड जाते. डोंगरावरील प्रत्येक नोंदविलेला संपर्क हा त्या पट्ट्याच्या वापराचा दाखलाही ठरतो, तो याच कारणामुळे.

भारतातील स्थिती

भारतात हौशी रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षेनंतर मिळतो आणि परवान्यात नमूद केलेल्या पट्ट्यांतच प्रक्षेपण करता येते. परदेशातील लेखांत १० गिगाहर्ट्झ सर्रास आढळला, तरी तेवढ्यावरून तो येथे वापरता येईल असे समजू नये. भारतीय हौशी सेवेच्या यादीत सूक्ष्मतरंगांपैकी १,२६० ते १,३००, ३,३०० ते ३,४०० आणि ५,७२५ ते ५,८४० मेगाहर्ट्झ हे पट्टे दिसत आले आहेत. यांपैकी मधला पट्टा २०२२ च्या लिलावात भ्रमणध्वनी कंपन्यांसाठी खुला झाला. केवळ ऐकण्यासाठी १० गिगाहर्ट्झचा अनुभव घ्यावयाचा असल्यास क्यूओ-१०० हा हौशी उपग्रह सोयीचा आहे. २०१८ साली सोडलेल्या एस'हेल-२ या भूस्थिर उपग्रहावर तो बसविलेला असून १०,४८९ मेगाहर्ट्झच्या परिसरात ऐकू येतो. पुण्याहून तो पश्चिमेला किंचित दक्षिणेकडे, क्षितिजापासून सुमारे ३२ अंशांवर असतो.

सह्याद्री या छंदाला अनुकूल वाटतो, पण केवळ उंची पाहून भागत नाही. उदाहरणार्थ, कळसूबाई आणि महाबळेश्वर यांच्यात सुमारे १८७ किलोमीटर अंतर आहे. दोघांच्या रेडिओ क्षितिजांची बेरीज ३२० किलोमीटर होते, म्हणजे कागदावर संपर्क सहज व्हावयास हवा. परंतु पृथ्वीच्या गोलाईमुळे ही दृष्टिरेषा महाबळेश्वरच्या उत्तरेला ३५ किलोमीटरवर समुद्रसपाटीपासून सुमारे ११६० मीटरवर आलेली असते, आणि तेथे तिच्या आसपास राजगड (१,३७६ मीटर) आणि तोरणा (१,४०३ मीटर) उभे आहेत. मार्गाचा उभा छेद आधी काढून पाहिल्यास अशी फसगत टळते. सह्याद्रीच्या रांगेच्या लांबीने जाण्यापेक्षा माथ्यावरून पूर्वेला पठारावर किंवा पश्चिमेला कोकणपट्टीवर नजर टाकणारे मार्ग बहुधा अधिक मोकळे मिळतात.

जागा निवडताना कायद्याचेही भान ठेवावे लागते. कळसूबाईचा परिसर अभयारण्यात येतो आणि अनेक किल्ले संरक्षित स्मारके आहेत; तेथे खुंट्या ठोकणे किंवा मुक्काम करणे यांसाठी संबंधित खात्याची परवानगी लागते. डिश, तारा आणि श्रवणक घेऊन माथ्यावर बसलेल्या माणसाविषयी गावकऱ्यांना आणि पोलिसांना शंका येणे स्वाभाविक आहे, म्हणून मूळ परवाना जवळ बाळगणे आणि पायथ्याच्या गावात आधी कल्पना देणे हिताचे. प्रक्षेपण चालू असताना डिशच्या समोर उभे राहू नये आणि वेव्हगाइडच्या उघड्या तोंडात कधीही डोकावू नये, कारण डोळ्याच्या भिंगाला रक्तपुरवठा नसल्याने तेथील उष्णता लवकर निघून जात नाही. वळवाच्या दिवसांत पावसावरून होणारे प्रकीर्णन कितीही मोहात पाडणारे असले, तरी मेघगर्जना ऐकू येताच तिपाई आडवी करून माथा सोडावा. प्रकीर्णनासाठी ढग शंभर-दोनशे किलोमीटर दूर असलेलाच उपयोगी पडतो.